कोशाला सूट नको, दुकान हवे

मुंबईच्या फोर्टमध्ये, नौदल गोदीच्या लायन गेटासमोरच्या एका जुन्या इमारतीत 1987 साली ‘ऑन्सॉम्बल’ नावाचे कपड्यांचे दुकान उघडले. तरुण ताहिलियानी, त्यांच्या पत्नी सैलजा आणि डिझायनर रोहित खोसला यांनी मांडलेला हा डाव होता. अनेक डिझायनरांचे कपडे एकाच छताखाली, ज्याच्या त्याच्या नावानिशी विकणारे देशातले पहिले दुकान म्हणून त्याची ओळख आहे. भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीच्या माणसाने त्याचा इतिहास कशाला उगाळायचा, असा प्रश्न साहजिक आहे. धानाचे भाव, रोवणीची मजुरी, बेरोजगारी एवढे विषय समोर असताना मुंबईतल्या महागड्या झग्यांचे आपल्याला काय? पण आपल्या जिल्ह्यातला कोसा, म्हणजे टसर रेशीम, आज ज्या पेचात अडकला आहे, त्यातून बाहेर पडायची एक वाट या दुकानाच्या गोष्टीत आहे. विणकराला आपण अनुदान दिले, प्रदर्शने भरवून दिली, गांधी जयंतीची सूट दिली, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे दिली. त्याचा माल ओळखून, रोख मोजून, पुऱ्या किमतीला विकणारे दुकान मात्र त्याच्या वाट्याला कधी आले नाही. उणीव नेमकी तिथे आहे.

1987 पूर्वी मुंबईतली पैसेवाली बाई कपडे कुठून घ्यायची? साडी ठरलेल्या पेढीवरून, ब्लाउज ठरलेल्या शिंप्याकडून, आणि परदेशी पोशाख लंडन-दुबईहून येणाऱ्या नातलगाच्या बॅगेतून. आयात जवळजवळ बंद होती. डिझायनर म्हणवून घेणारे मोजके लोक होते. ते घरच्या दिवाणखान्यात नाहीतर एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये दोन-तीन दिवस माल मांडत आणि पुन्हा गाठोडे बांधत. रितू कुमार यांच्यासारखे अपवाद होते, पण त्यांच्या दुकानात त्यांचाच माल. ऑन्सॉम्बलने रोहित खोसला, अबू जानी-संदीप खोसला, अहमदाबादच्या आशा साराभाई, अमेरिकेतले नील बीफ अशांचे काम शेजारीशेजारी टांगले. कपडा घडीतून काढून हँगरवर आला, त्याला किमतीची चिठ्ठी आणि करणाऱ्याचे नाव लागले, आरसा आणि ट्रायल रूम मिळाली. आज हे इतके नेहमीचे झाले आहे की त्यात नवल ते काय, असे वाटेल. पण घटनाक्रम पाहावा. फॅशनचे शिक्षण देणारी दिल्लीतली निफ्ट 1986 मध्ये निघाली होती, म्हणजे तिची पहिली तुकडी अजून वर्गातच होती. डिझायनरांची परिषद 1998 मध्ये स्थापन झाली, पहिला फॅशन वीक 2000 मध्ये भरला आणि लुई व्हिताँचे भारतातले पहिले दुकान 2003 मध्ये दिल्लीत आले. निफ्ट वगळता दुकान या सगळ्यांच्या आधी उभे होते. आधी उद्योग वाढला आणि मग दुकाने आली, असे इथे झालेले नाही. दुकान आले म्हणून डिझायनरला दर महिन्याला काहीतरी विकायचे कारण मिळाले, कारागीर पगारावर ठेवता आले, पुढच्या हंगामाचा विचार करता आला. ज्या शहरात पाचच वर्षांपूर्वी, 18 जानेवारी 1982 रोजी, गिरणी कामगारांचा संप सुरू होऊन कापडधंद्याचा कणा मोडला, त्याच शहरात कापडाची किंमत मीटरवर न ठरता करणाऱ्याच्या नावावर ठरू लागली. गिरणगावातल्या अडीच लाख कामगारांना याचा काडीचाही लाभ झाला नाही, हेही तितकेच खरे.

बाहेरच्या जगातही क्रम असाच दिसतो. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज माणसाने 1858 मध्ये पॅरिसमध्ये आपले घराणे काढले आणि कपड्यात स्वतःच्या नावाची पट्टी शिवायला सुरुवात केली, तेव्हा शिंप्याला नाव असते हीच गोष्ट नवी होती. लंडनला जोन बर्स्टीन यांनी 1970 मध्ये साउथ मोल्टन स्ट्रीटवर ‘ब्राउन्स’ सुरू केले. 1984 मध्ये जॉन गॅलियानो या विद्यार्थ्याने पदवीसाठी केलेले सगळे कपडे त्यांनी विकत घेतले आणि आपल्या खिडकीत लावले. पुढे हाच गॅलियानो दिऑरच्या मुख्य डिझायनरपदी बसला. बर्स्टीनबाईंनी त्याला शिष्यवृत्ती दिली नाही की पुरस्कार दिला नाही; माल घेतला आणि पैसे मोजले. स्वतंत्र बुटिकाची ताकद या एका कृतीत आहे. दुकानदार स्वतःच्या नजरेवर विश्वास ठेवून स्वतःचा पैसा अडकवतो, माल अंगावर पडला तर नुकसान त्याचे. म्हणून तो गिऱ्हाइकाला तो माल समजावून सांगतो, पटवतो, आणि पटवता पटवता गिऱ्हाइकाची नजरही तयार करतो. आपल्याकडच्या पुष्कळ डिझायनर दुकानांनी पुढे जाकडाची सोय पत्करली: माल ठेवून जा, विकला गेला तर पैसे. त्यात दुकानदाराला झोप चांगली लागते, पण जोखीम करणाऱ्याच्या डोक्यावर राहते. डिझायनरला एखादवेळी ती पेलते. मागावर बसलेल्याला पेलत नाही.

आता आपल्या कोशाकडे येऊ. तुतीवरचा रेशीमकिडा घरात, ताटात वाढतो. टसराचा किडा रानात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर उघड्यावर वाढतो. पावसाळ्यात अळ्या झाडावर सोडायच्या आणि कोष तयार होईपर्यंत कावळे, मुंग्या, गांधीलमाश्या यांच्यापासून त्या राखायच्या, एका झाडाचा पाला संपला की दुसऱ्यावर न्यायच्या, हे काम भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात प्रामुख्याने ढीवर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या करत आली. एक सर आडवी-तिडवी आली, थंडी वेळेआधी पडली की हंगाम हातचा जातो. कोष आला की तो सोड्याच्या पाण्यात उकळायचा, मऊ करायचा, चार-सहा कोषांचे तंतू एकत्र ओढून सूत काढायचे. टसरपट्ट्यात हे सूत बायका वर्षानुवर्षे उघड्या मांडीवर वळत आल्या. कातडी सोलवटून टाकणारी ही पद्धत संपवायला केंद्रीय रेशीम मंडळाने ‘बुनियाद’ नावाचे यंत्र अलीकडे पुढे आणले. त्यानंतर सूत विणकराकडे येते. मोहाडी तालुक्यातले आंधळगाव, खुद्द मोहाडी, पवनी आणि सीमेपलीकडचे नागभीड ही कोष्टी विणकरांची जुनी ठाणी. करवतकाठी साडीत अंग टसराचे आणि काठ सुताचा. काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी येते ती छपाईने किंवा भरतकामाने येत नाही. तीन धोटे चालवून, काठाचा आणि अंगाचा आडवा धागा दर ओळीला एकमेकांत अडकवून ती विणावी लागते, आणि त्याला बहुधा दोन माणसे बसतात. यंत्रमागाला हे सहज जमत नाही. देशातल्या एकूण कच्च्या रेशमात टसराचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास आहे. त्यातही झारखंडाचा भाग सर्वांत मोठा. म्हणजे आपल्या जिल्ह्यातला माल मुळात दुर्मीळ आहे, हाताचा आहे आणि नक्कल करायला अवघड आहे. चैनीच्या बाजारात किंमत ज्या तीन गोष्टींना मिळते त्या तिन्ही इथे आहेत, आणि तरीही हा माल गरिबाचा धंदा म्हणून ओळखला जातो.

असे का झाले? माझ्या मते आपण हा माल ज्या रीतीने विकला त्यामुळे. हातमागाच्या कापडावर सणासुदीला सूट द्यायची, ती रक्कम सरकारने नंतर संस्थेला भरून द्यायची, हा प्रघात दशकानुदशके चालला. हेतू वाईट नव्हता. पण परिणाम असा झाला की गिऱ्हाईक सवलतीच्या दिवसाची वाट पाहायला शिकले आणि उरलेले अकरा महिने दुकानाकडे फिरकेनासे झाले. सरकारकडून रक्कम यायला उशीर झाला की संस्था विणकराचे पैसे थकवायची, आणि सूट द्यायचीच आहे म्हणून काही ठिकाणी आधी किंमत वाढवून ठेवली जायची. पुढे केंद्राने योजनेचे नाव बदलले, स्वरूप बदलले, पण हातमाग म्हणजे स्वस्तात मिळायला हवी अशी वस्तू, हा समज बसला तो बसलाच. नागपूरला मुख्यालय असलेले हातमाग महामंडळ 1971 पासून आहे. त्याने अनेकांना कठीण काळात काम दिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण महामंडळाच्या काउंटरवर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला अमुक साडी विकली न गेल्याने स्वतःच्या घरात चूल पेटणार नाही अशी धास्ती नसते, आणि साडी विकली गेली म्हणून त्याला काही मिळतही नाही. तो घडी उलगडतो, किंमत सांगतो, घडी घालतो. राज्याच्या 2023-28 च्या वस्त्रोद्योग धोरणाने पैठणी, हिमरू, घोंगडी, खण यांच्याबरोबर करवतकाठीलाही पारंपरिक वस्त्राचा मान दिला आणि विणकरांना गणेशोत्सवात भत्ता देऊ केला, पुरुषांना 10,000 आणि स्त्रियांना 15,000 रुपये. करवतकाठीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. हे सगळे असावे. पण भत्त्याने सण होतो, धंदा होत नाही. आणि मानांकनाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावल्याने साडीच्या किमतीत आपोआप एक रुपयाही वाढत नाही. गिऱ्हाइकाला त्याचा अर्थ सांगणारा कुणीतरी काउंटरच्या मागे असावा लागतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो नैतिक आहे. चैनीच्या वस्तूंची तरफदारी साकोलीसारख्या तालुक्यातून करायची? खादी आणि हातमागाची आपल्याकडची सारी परंपरा साधेपणाची. तिला बुटिकाच्या काचेत बसवणे ही तिची विटंबना नाही का? या आक्षेपात तथ्य असते, जर कोसा कधी काळी रोजच्या वापराचे कापड असता. तसा तो नव्हताच. पूजेला, लग्नाला, सोवळ्याला, दरबारी मानाच्या पोशाखाला लागणारे हे कापड होते. रोजचे अंग झाकायला सुती लुगडे आणि धोतर असे. साधेपणाच्या नावाखाली आपण एका मौल्यवान कापडाला जाड्याभरड्या कापडाच्या रांगेत उभे केले आणि वर त्याच्यावर सूट जाहीर केली. देशातल्या चौथ्या हातमाग गणनेत (2019-20) सुमारे 35 लाख लोक या कामात आढळले. त्याआधीच्या गणनेत ते 43 लाख होते. विणकर कुटुंबांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न 5,000 रुपयांच्याही खाली निघाले. साधेपणाचा हा हिशेब फक्त विणकराने का चुकता करायचा? ज्याला स्वस्त कापड हवे त्याच्यासाठी यंत्रमाग आहे, इचलकरंजी-भिवंडी आहे, आणि त्यात काही कमीपणा नाही. हाताने विणलेल्या कोशाने त्या किमतीशी झुंजायला जाणे हा मात्र आत्मघात आहे, आणि त्या झुंजीत आपणच त्याला ढकलत आलो. कोसा कमी लोक घेतील, हरकत नाही. जे घेतील त्यांनी पुरी किंमत द्यावी.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. ऑन्सॉम्बल मुंबईत चालले कारण मुंबईत पैसा होता. ताहिलियानी नौदलप्रमुखांचे चिरंजीव, व्हार्टनला शिकलेले, त्यांच्या ओळखीपाळखीच निराळ्या. साकोलीत असे दुकान उघडले तर तिथे येणार कोण? भांडवल आणि ओळखी यांचा भाग मी कमी लेखत नाही. पण गिऱ्हाईक गावाकडे येत नाही, हे मात्र महाराष्ट्रानेच खोटे ठरवले आहे. नाशिक जिल्ह्यातले येवला हे काही महानगर नव्हे, तालुक्याचे गाव. मनमाडहून शिर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते पडते आणि पुण्या-मुंबईची लग्नघरे पैठणी घ्यायला मुद्दाम तिथवर जातात. ती विकणारी दुकाने बहुतेक घरगुती मालकीची, कित्येकांच्या मागच्या खोलीत माग. गिऱ्हाईक माग पाहते, पदरावरचा मोर विणताना पाहते आणि मग किमतीवर फारशी घासाघीस करत नाही. शेजारच्या मध्य प्रदेशातले नर्मदाकाठचे महेश्वर तर त्याहून लहान. तिथे रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस ‘रेहवा’ संस्था काढली तेव्हा महेश्वरी साडीचे माग बंद पडत चालले होते; आज गावात मागांचा आवाज आहे आणि विणकरांच्या मुलांनी स्वतःची दुकाने घातली आहेत. साकोलीचे भूगोलाने काही वाईट केलेले नाही. नागपूर-रायपूर महामार्ग गावातून जातो, नागपूर शंभरेक किलोमीटरवर आहे. 2013 मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेल्या नवेगाव-नागझिऱ्याचे पिटेझरीचे फाटक याच तालुक्यात. जंगलात गाडीचे पैसे, कॅमेऱ्याचे पैसे, रिसॉर्टचे पैसे हसत मोजणारा पर्यटक परतताना इथून काय घेऊन जातो? बहुधा ढाब्यावरचा चहा. ज्या ऐनाच्या झाडाखालून त्याची जिप्सी गेली, त्याच जातीच्या झाडावरच्या किड्याने हे सूत काढले, एवढे त्याला सांगणारे आणि ते कापड हातात देणारे एकही ठिकाण त्याच्या वाटेत नसावे ही आपली चूक आहे, त्याची नाही. साकोलीला मोठ्या प्रकल्पांचा अनुभव आहेच: मुंडीपारच्या भेल प्रकल्पाचे भूमिपूजन 2013 मध्ये झाले आणि तालुक्याच्या दोन-तीन निवडणुका त्या पायाच्या दगडावर लढून झाल्या. एका दुकानाला त्याच्या शंभराव्या हिश्श्याचीही जमीन लागणार नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर, कारण तो इतिहासातूनच येतो. स्वतंत्र दुकाने शेवटी स्वतंत्र राहतात कुठे? ब्राउन्स 2015 मध्ये फारफेच या ऑनलाइन कंपनीला विकले गेले आणि 2024 मध्ये फारफेचच कोरियाच्या कूपांगकडे गेली. पॅरिसचे ‘कोलेत’ वीस वर्षे जगभर गाजून 2017 मध्ये मालकिणीच्या निवृत्तीबरोबर बंद झाले. आपल्याकडे आदित्य बिर्ला समूहाने 2021 मध्ये सब्यसाचीच्या कंपनीत 51 टक्के हिस्सा 398 कोटींना घेतला, त्याच वर्षी तरुण ताहिलियानींच्या कंपनीतही भाग घेतला. रिलायन्सने रितू कुमारांकडे 52 टक्क्यांनी आणि मनीष मल्होत्राकडे 40 टक्क्यांनी प्रवेश केला. डिझायनरांचे साम्राज्य झाले आणि किल्ल्या दुसऱ्याकडे गेल्या. ऑन्सॉम्बल मात्र तरुण यांच्या भगिनी टीना ताहिलियानी-पारीख यांनी 1990 पासून चालवले, वाढवले. यातून निघणारा निष्कर्ष सहसा काढला जातो त्याच्या उलट आहे, असे मला वाटते. मोठ्या कंपनीने जे विकत घेतले ते मुख्यतः नाव होते, आणि नाव तयार करण्याचे जोखमीचे काम त्याआधी वीस-तीस वर्षे कुणीतरी लहान दुकानात, स्वतःच्या खिशातून केले होते. कंपन्या तयार पीक कापतात, पेरत नाहीत. कोशाच्या बाबतीत आपण पेरणीच केली नाही, तर उद्या कुणी विकत घेईल याची भीती बाळगण्यात काय हशील? आणि दुकान बंद पडले तरी त्याने शिकवलेले गिऱ्हाईक मागे राहते. मुंबईत ‘ल मिल’ हे दुकान 2011 मध्ये वाडीबंदरच्या एका जुन्या भातगिरणीत सुरू झाले होते, नंतर ते जागा बदलून कुलाब्याला गेले. भातगिरण्यांच्या या जिल्ह्यात निदान इमारतींची तरी वाण पडू नये.

एका बाबतीत मात्र ऑन्सॉम्बलचा धडा जसाच्या तसा गिरवून चालणार नाही. त्या पिढीच्या दुकानांनी डिझायनरला नाव दिले आणि विणकराला, भरतकाम करणाऱ्याला, रंगाऱ्याला निनावी ठेवले. लखनौची चिकनकारी, बनारसचा किनखाब, भंडाऱ्याचा कोसा ही ‘सामग्री’ झाली, सही दुसऱ्याची. त्या काळात कदाचित तो टप्पा अटळ होता, कारण गिऱ्हाइकाला एकच नाव लक्षात ठेवता येत होते. आता ते कारण उरलेले नाही. साकोलीच्या दुकानात साडीच्या चिठ्ठीवर विणकराचे नाव, गाव, सूत कुठले, विणायला किती दिवस लागले आणि विणकराला किती मिळाले हे लिहिता येते. शेवटची ओळ दुकानदारांना रुचणार नाही. मग त्यांनी आपला वाटाही लिहावा. भाडे, अडकलेले भांडवल, न विकलेला माल यांचा हिशेब उघडा केला तर गिऱ्हाईक तोही समजून घेते. सुताविषयी लपवाछपवी तर अजिबात नको. आंधळगावच्या मागावर चढणारे सूत सगळे भंडाऱ्याच्या रानातले नसते. छत्तीसगडच्या चांपा-कोरब्याकडून सूत येते, बाजारात परदेशी टसरही असते, आणि टसर म्हणून गळ्यात मारले जाणारे निव्वळ पॉलिएस्टरही. 2004 पासूनचा सिल्क मार्क आणि 2006 पासूनचा हँडलूम मार्क आहेत, पण गर्दीच्या प्रदर्शनात ते पाहतो कोण? प्रदर्शनातला विक्रेता चार दिवसांनी गाव बदलतो. दुकानाला मात्र पाटी असते, पत्ता असतो; फसवले गेलेले गिऱ्हाईक साडी घेऊन परत त्याच दारात येऊ शकते, आणि त्या एका शक्यतेमुळे जी सचोटी पाळली जाते ती कुठल्याही शिक्क्याने येत नाही. रानातल्या कोषाचा भाव वाढवायचा असेल तरीही हाच मार्ग आहे. स्थानिक सुताच्या साडीला वेगळी, वरची किंमत मिळू लागली, तर ढीवर कुटुंबातल्या तरुणाला पावसाळ्यात झाडाखाली राखण करत बसण्याचे काही कारण उरेल. एरवी तो हैदराबादच्या बांधकामावर जाणार, आणि त्याला कुणी दोष देऊ नये.

सरकारने काय करावे? शक्यतो दुकान काढू नये. कराकडे पाहावे. सप्टेंबर 2025 च्या बदलानंतर 2,500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर 5 टक्के जीएसटी आहे आणि त्यावर एक रुपया गेला की 18 टक्के. साडी कापड म्हणून खालच्या दरात राहते, पण त्याच कोशाचे जाकीट किंवा कुर्ता शिवला की तो वरच्या दरात जातो, कारण हाताने विणलेले कोशाचे जाकीट 2,500 रुपयांत होणे शक्यच नाही. म्हणजे साडी न नेसणाऱ्या पिढीला कोसा विकायचा जो एकमेव मार्ग, त्याच्यावर सर्वाधिक कर. हँडलूम मार्क असलेल्या तयार कपड्याला किमतीची ही मर्यादा लागू करू नये, एवढी मागणी आपल्या खासदार-आमदारांनी लावून धरली तर ती भत्त्यापेक्षा अधिक मोलाची ठरेल.

आणि दुकान चालवणार कोण, हा राहिलेला प्रश्न. त्यासाठी मुंबईहून कुणी यायची गरज नाही. विदर्भातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी आज बायकांनी चालवलेली बुटिके आहेत: ब्लाउज, फॉल-पिको, लग्नाचे लेहंगे, भाड्याचे घागरे. या बायकांना मापे ठाऊक आहेत, कोणते घर लग्नात किती खर्च करते ते ठाऊक आहे, उधारी कशी वसूल करायची तेही ठाऊक आहे. मिरवणाऱ्या भाषेत त्यांना कुणी उद्योजिका म्हणत नाही, पण स्वतःच्या पैशाने माल घेऊन स्वतःच्या नजरेने विकण्याचा धंदा त्या रोज करतात. कोशाच्या दहा साड्या रोखीने उचलायच्या तर लागणारे खेळते भांडवल तेवढे त्यांच्याकडे नाही. मुद्रा योजनेत शिशू कर्ज 50,000 रुपयांवर थांबते. एवढ्या पैशात कोशाचे नीट दुकान भरत नाही. त्यापुढच्या किशोर कर्जाची मर्यादा पाच लाखांची, पण बँकेचा व्यवस्थापक शिलाई मशीन तारण म्हणून समजू शकतो, कपाटातली करवतकाठी नाही. जिल्हा बँकेने मानांकन असलेल्या कोशाच्या मालावर कॅश क्रेडिट द्यायचे ठरवले, मालाची किंमत ठरवायला विणकर संस्थेचा एक माणूस बसवला, आणि मागावरून साडी उतरली त्याच दिवशी पैसे हातात पडतील अशी अट घातली, तर पहिली दिवाळी उजाडायच्या आत भंडारा जिल्ह्यात अशी चार-पाच दुकाने उभी राहू शकतात.